एकाच माणसाला चार ग्रुप: परवानग्यांचा गुंता होऊच नये म्हणून

पगाराचा दिवस. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या एका फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) सकाळी साडेनऊला फोन आला. तिथले कॉम्प्युटर मी बघतो. अकाउंट्सच्या मॅडम होत्या. "दादा, पगाराचं फोल्डर उघडंना झालंय. काल संध्याकाळपर्यंत उघडत हुतं की!" बँकेला दुपारच्या आत फाइल पाठवायची होती. जाऊन बघितलं तर पडद्यावर 'ॲक्सेस डिनाइड'.

ग्रुप म्हणजे सर्व्हरवरची माणसांची यादी, परवानगी एकेकाला न देता त्या यादीला द्यायची. मॅडम अकाउंट्स, एचआर आणि ऑफिस अशा तीन ग्रुपमध्ये होत्या. तिन्ही ग्रुपना ते फोल्डर मोकळं होतं. आदल्या संध्याकाळी कुणीतरी त्यांना चौथ्या ग्रुपमध्ये घातलं होतं, 'ट्रेनी'. कारण साधंच होतं. नवीन आलेल्या दोन अप्रेंटिस पोरांना व्हाउचर शिकवायची होती आणि त्यांच्या सरावाचं फोल्डर मॅडमना दिसत नव्हतं. त्या 'ट्रेनी' ग्रुपला मात्र पगाराच्या फोल्डरवर कधीकाळी 'डिनाय' (म्हणजे मनाई) मारून ठेवलेलं होतं. 'कुणीतरी' म्हणतोय खरं, पण तो मीच. फोनवर निरोप आला, मी रंकाळ्यावर फिरायला जायच्या घाईत होतो, दोन क्लिक केले आणि विसरलो.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. पण परवानग्यांची खिडकी उघडीच होती म्हणून एकेकाचं नाव टाकून बघत बसलो, तर डिस्पॅचचा क्लार्क सगळ्यांचे पगार वाचू शकतो असं निघालं. दोन वर्षांपूर्वी तो टाइम ऑफिसला होता. खुर्ची बदलली, ग्रुप तसाच राहिला.

एकाच फोल्डरवर दोन उलट्या चुका. ज्याला दिसायला हवं त्याला दिसत नाही, ज्याला दिसायला नको त्याला दिसतंय. यातल्या पहिल्या चुकीचा फोन येतो, दुसरीचा कधीच येत नाही. म्हणून तक्रार आली की दुरुस्त करू, या पद्धतीने हे काम चालत नाही. ग्रुपची रचनाच अशी करावी लागते की दोन ग्रुप एकमेकांशी भांडायचा प्रश्नच येऊ नये. वीस ते दीडशे कॉम्प्युटर, एक सर्व्हर, आणि इतर दहा कामं सांभाळून हेही बघणारा एखादा माणूस, अशा ठिकाणांसाठी हे लिहितोय. गोकुळ शिरगावचं मशीन शॉप असो, राजारामपुरीतला दवाखाना असो की एखादी पतसंस्था, गुंता सगळीकडे सारखाच असतो.

आधी भांडणाचे नियम समजून घ्या

"डिनाय नेहमी जिंकतो" हे वाक्य आमच्या धंद्यात प्रत्येकाच्या तोंडी असतं. ते अर्धंच खरं आहे. विंडोज सर्व्हरवर माणूस जितक्या ग्रुपमध्ये असेल तितक्यांच्या परवानग्यांची बेरीज होते. एका ग्रुपने वाचायला दिलं, दुसऱ्याने लिहायला दिलं, तर त्याला दोन्ही मिळतं. या बेरजेत डिनाय आला की क्रम बघितला जातो. सगळ्यात आधी त्या फोल्डरवर थेट मारलेला डिनाय, त्यानंतर थेट दिलेला 'अलाव' (म्हणजे परवानगी), मग वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेला डिनाय, आणि शेवटी वारशाने आलेला अलाव. विंडोज ही यादी वरून खाली वाचतं आणि जे आधी लागू पडेल त्यावर थांबतं.

आता यातली गोम बघा. वरच्या 'एचआर' फोल्डरवर तुम्ही एखाद्या ग्रुपला डिनाय मारला आणि निर्धास्त झालात. आतल्या 'हजेरी' फोल्डरवर त्याच माणसाला कधीतरी थेट परवानगी दिलेली असेल, तर तो आत जाणार. थेट अलाव हा वारशाने आलेल्या डिनायच्या आधी वाचला जातो. कुलूप लावलंय, पण मागची खिडकी उघडी.

दुसरी गोष्ट, नेटवर्कवरून फोल्डर उघडताना दोन दरवाजे असतात. एक शेअरचा, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर खुलं करताना लावतात तो, दुसरा फाइल सिस्टिमचा, म्हणजे फोल्डरवरच असतो तो. दोन्हीतून आत जाता आलं पाहिजे, म्हणून जो जास्त घट्ट असेल त्याचंच चालतं. सर्व्हरसमोर बसून तपासलं तर शेअरचा दरवाजा मध्ये येतच नाही, आणि मग "माझ्याकडे तर उघडतंय" असं म्हणत आपण उगाच वाद घालतो.

तिसरी गोष्ट मॅडमच्या प्रकरणात दिसलीच. ग्रुप बदलला संध्याकाळी, त्रास झाला सकाळी. माणूस लॉगिन करतो तेव्हा तो कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये आहे याची एक चिठ्ठी बनते आणि दिवसभर तीच चालते. कारखान्याच्या गेटवर सकाळी पास बनवतात तसंच. दुपारी रजिस्टरात काहीही बदला, हातातला पास सकाळचाच. ग्रुप बदलल्यावर लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन केल्याशिवाय चाचणी केली तर निकाल खोटा येतो. याच्यावर मी स्वतः अर्धा अर्धा दिवस घालवलाय.

हे झालं विंडोजचं. पण आजकाल एका ऑफिसात विंडोज एकटं कुठे असतं? उद्यमनगरातल्या बऱ्याच छोट्या युनिटमध्ये फाइली सिनॉलॉजीच्या डब्यावर (नेटवर्कवर फाइली साठवायच्या यंत्रावर) असतात. तिथे क्रम वेगळा आहे: 'नो ॲक्सेस' सगळ्यांच्या वर, त्याखाली वाचणं-लिहिणं, त्याखाली नुसतं वाचणं. तिथे एका ग्रुपचा 'नो ॲक्सेस' बाकी सगळ्या ग्रुपना गिळून टाकतो. लिनक्सच्या साध्या परवानग्यांत तर गंमतच आहे. फाइलचा मालक असाल तर फक्त मालकाच्याच परवानग्या बघितल्या जातात. ग्रुपला वाचायला दिलेलं असलं आणि तुम्ही त्या ग्रुपमध्ये असलात, तरी मालकाच्या रकान्यात नसेल तर नाही. गुगल ड्राइव्हवर डिनाय असा प्रकारच नाही, दोन वाटांनी परवानगी मिळाली तर मोठी ती लागू. आणि गुगल वर्कस्पेसच्या (गुगलच्या ऑफिसांसाठीच्या सेवेच्या) ॲडमिन कन्सोलमध्ये एखादी सेवा विभागाला बंद असली तरी ग्रुपमार्फत ती चालू करता येते, उलट मात्र जमत नाही.

म्हणजे तोच माणूस, तेच ग्रुप, पण यंत्र बदललं की निकाल बदलतो. हे सगळे क्रम पाठ करण्यापेक्षा क्रम लावायची वेळच येणार नाही असं बघणं सोपं. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पायरी पहिली: मोजदाद

नवीन काही करायच्या आधी आज काय आहे ते कागदावर आणा. पॉवरशेलमध्ये (विंडोजला टाइप करून हुकूम द्यायच्या साधनात) ग्रुपचे सभासद काढायची कमांड असते, तिला 'रिकर्सिव्ह' हा स्विच लावायला विसरू नका. नाहीतर ग्रुपच्या पोटातल्या ग्रुपमधली माणसं दिसत नाहीत, आणि खरा घोळ पोटातच असतो. एखाद्याला कुठले ग्रुप लागलेत हे त्याच्याच मशीनवर बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टवर 'हूॲमआय' आणि पुढे 'स्लॅश ग्रुप्स'. फोल्डरांच्या परवानग्यांसाठी 'आयकॅकल्स' ही कमांड.

एक्सेलमध्ये पाच रकाने करा: माणूस, ग्रुप, कशासाठी, कुणी सांगितलं, कधी. पहिले दोन दहा मिनिटांत भरतात. 'कशासाठी' हा रकाना बराचसा कोराच राहतो. तो कोरा राहिला की समजायचं, भांडण तिथंच दबा धरून बसलंय.

परवानग्यांच्या यादीत एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांबलचक संख्या दिसली तर घाबरू नका. ते बहुतेक वेळा कधीतरी डिलीट केलेल्या खात्याचं भूत असतं. नाव गेलं, नोंद राहिली. ती निरुपद्रवी असते, पण कधीकाळी इथे एखाद्याला नावानिशी परवानगी दिली होती याचा तो पुरावा असतो. तशा जागेवर जिवंत माणसांचीही नावं थेट टाकलेली सापडतात.

पायरी दुसरी: विचारा, पण नीट विचारा

खात्याच्या साहेबांना "तुमच्या लोकांना काय काय लागतं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "सगळंच द्या हो, उगाच अडायला नको." म्हणून मी तसं विचारत नाही. फोल्डरांची यादी पुढे ठेवतो आणि एकेकावर बोट ठेवून विचारतो, "हे बंद केलं तर उद्या कुणाचं कुठलं काम अडेल?" लगेच गोष्टी बाहेर येतात. स्टोअरच्या काकांना पॅटर्न शॉपची ड्रॉइंग लागतात, कारण परत आलेलं कास्टिंग (ओतलेला भाग) कुठलं ते नंबरवरून ओळखता येत नाही. क्वालिटीच्या माणसाला मेल्टिंगचं हीट रजिस्टर (धातू वितळवल्याची नोंदवही) वाचायला लागतं, पण त्यात लिहायची त्याला काहीच गरज नाही. उलट, लिहिता येतं हीच अडचण.

साहेबांपेक्षा रोज ते काम करणाऱ्याशी बोला. चहाच्या वेळेला गाठलं तर उत्तम.

पायरी तिसरी: ग्रुपचे दोन थर

लेखाचा गाभा हाच. बहुतेक ऑफिसांत ग्रुप खात्याच्या नावाने असतात. 'अकाउंट्स', 'परचेस', 'स्टोअर'. मग त्याच ग्रुपना फोल्डरांवर परवानग्या मारल्या जातात. सुरुवातीला हे छान चालतं. पुढे परचेसच्या एकाच माणसाला अकाउंट्सचं एकच फोल्डर लागतं, त्याला थेट अकाउंट्स ग्रुपमध्ये टाकलं जातं, आणि एका फोल्डरसाठी त्याला पंधरा फोल्डरं मिळतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं आणि त्यातल्या चारांवर डिनाय मारला जातो. अशी सुरुवात होते.

चूक ही की एकच ग्रुप दोन प्रश्नांची उत्तरं देतोय: हा माणूस कोण आहे, आणि हे कुलूप कुणाला उघडतं. हे दोन प्रश्न वेगळे करा.

पहिला थर भूमिकांचा. 'भू-खरेदी-क्लार्क', 'भू-स्टोअर-कीपर', 'भू-अकाउंट्स-वरिष्ठ'. या ग्रुपमध्ये फक्त माणसं असतात. दुसरा थर किल्ल्यांचा. 'कि-दरपत्रकं-वाच', 'कि-दरपत्रकं-लिही', 'कि-पगार-लिही'. या ग्रुपमध्ये माणूस कधीही नसतो, फक्त भूमिका असतात. फोल्डरवर परवानगी लावायची ती फक्त किल्लीला. विंडोज डोमेनमध्ये (सगळ्यांची खाती एकाच सर्व्हरवरून चालतात त्या रचनेत) भूमिका 'ग्लोबल' प्रकारचे ग्रुप करा आणि किल्ल्या 'डोमेन लोकल' प्रकारचे. मायक्रोसॉफ्टचा हा जुनाच सल्ला आहे, नवीन काही नाही. फक्त तो पाळताना फारसं कुणी दिसत नाही. नावं मी इथे वाचायला सोपी म्हणून देवनागरीत दिलीत. सर्व्हरवर इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता ठेवा, जुनी सॉफ्टवेअरं आणि बॅकअपच्या स्क्रिप्ट देवनागरी नावावर अडखळतात.

आता खरेदी क्लार्क घ्या. त्याच्या भूमिकेला दरपत्रकं लिहायची किल्ली, व्हेंडरची यादी वाचायची किल्ली, आणि स्टोअरला आलेल्या मालाची नोंद, ज्याला सगळे जीआरएन म्हणतात, ती वाचायची किल्ली. स्टोअर कीपरच्या भूमिकेला जीआरएन लिहायची किल्ली. दरपत्रकांची एकही नाही, कारण भाव माहीत असलेला माणूस माल मोजायला नसावा असं मालकांचं म्हणणं. या रचनेत स्टोअर कीपरला दरपत्रकं 'बंद' करावी लागत नाहीत. त्याच्याकडे किल्लीच नाही. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला मनाई कशाला लिहायची? डिनाय न वापरता सगळं जमतं ते असं.

इथे एकच नियम कडक पाळायचा: एका माणसाला एकच भूमिका. खाली मालाचा हिशेब आणि वर खरेदी दोन्ही बघणारा माणूस छोट्या युनिटमध्ये असतोच. त्याला दोन भूमिकांत टाकू नका. त्याच्यासाठी 'भू-खरेदी-स्टोअर-एकत्र' अशी तिसरी भूमिका करा आणि किल्ल्या विचार करून लावा. हे जास्तीचं काम वाटतं, पण ती तिसरी भूमिका यादीत उघड दिसते. दोन ग्रुपच्या छेदात लपून राहत नाही.

किल्ल्यांचा अतिरेकही नको. प्रत्येक उपफोल्डरला किल्ली करत बसलात तर सहा महिन्यांत तुम्हालाच कळणार नाही. त्या फाउंड्रीत ऑफिसचे साठेक लोक आहेत. अकरा भूमिका आणि त्याच्या दुपटीपेक्षा कमी किल्ल्यांत सगळं बसलं.

पायरी चौथी: कुठल्या दोन किल्ल्या एका हातात नकोत

आतापर्यंतचं भांडण यंत्राच्या पातळीवरचं होतं. दुसरं भांडण यंत्राला दिसतच नाही. व्हेंडर नवीन उघडायची किल्ली आणि व्हेंडरला पैसे सोडायची किल्ली एकाच माणसाकडे असतील तर सर्व्हर काही तक्रार करणार नाही. दोन्ही परवानग्या रीतसर आहेत. पण खोटा व्हेंडर उघडून त्याला पैसे पाठवायला दुसऱ्या कुणाची गरज उरत नाही. बँकवाले याला मेकर-चेकर म्हणतात. करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. भूमिकेवर आधारित परवानग्यांची पद्धत १९९२ मध्ये फेरायोलो आणि कून यांनी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेतून मांडली. पुढे तिच्या प्रमाणित रूपात कामांची ही फाळणी एक वेगळा भाग म्हणून आली.

मालक आणि सीए यांना समोर बसवून अशा जोड्यांची यादी करा. फाउंड्रीत साधारण या निघतात: परचेस ऑर्डर काढणं आणि जीआरएन करणं, हजेरी दुरुस्त करणं आणि पगार काढणं, मटेरियल टेस्टचा निकाल भरणं आणि त्याच निकालावर ग्राहकाचं सर्टिफिकेट मंजूर करणं, भंगाराचं वजन नोंदवणं आणि त्याचं बिल करणं. भंगाराची जोडी बहुतेक ठिकाणी कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि पैसे तिथेच जातात.

विंडोजचे ग्रुप अशा जोड्या आपोआप अडवत नाहीत. म्हणून भूमिका आणि किल्ल्यांचा एक तक्ता करा. उभ्या भूमिका, आडव्या किल्ल्या, जिथे लागू तिथे फुली. ए-थ्री कागदावर छापा, नको असलेल्या जोड्या लाल पेनने जोडा आणि एकाच ओळीत लाल रेघेच्या दोन्ही टोकांवर फुली आली का बघा. सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. तीनच माणसांचं ऑफिस असेल तर काही जोड्या टळतच नाहीत. तिथे निदान एवढं करा की त्या व्यवहाराचा रिपोर्ट आठवड्याला मालकांच्या मेलवर आपोआप जाईल.

पायरी पाचवी: जुने डिनाय उचकटणं

हे सगळ्यात भीतीचं काम, म्हणून घाई नको. आमच्या त्या फाउंड्रीला सोमवारची सुट्टी असते, तो दिवस धरला. आधी आयकॅकल्सला 'सेव्ह' स्विच लावून सध्याच्या सगळ्या परवानग्या एका फाइलमध्ये उतरवून घ्या, आणि त्याच फाइलवरून 'रिस्टोअर' होतंय का हे एखाद्या फोल्डरच्या नकलेवर, आतली नावं तीच ठेवून, करून बघा. न तपासलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी कुणाला सांगायला नको.

मग डिनायच्या नोंदींची यादी काढा आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: हा कुणाला अडवतोय आणि त्याला मुळात आत येऊ देणारा अलाव कुठून येतोय? नव्वद टक्के वेळा म्हणायचा मोह होतो, पण आकडा सांगत नाही. बहुतेक वेळा उत्तर असं निघतं की अलाव एखाद्या भल्यामोठ्या ग्रुपला दिलेला आहे, 'एव्हरीवन' किंवा 'डोमेन युजर्स'ला. तो मोठा अलाव काढून त्या जागी योग्य किल्ली लावा. त्यानंतर डिनायला अडवायला कुणी उरतच नाही. मगच तो काढा. क्रम उलटा केलात, आधी डिनाय काढलात, तर मधल्या वेळात फोल्डर सताड उघडं राहतं.

डिनाय कुठेच ठेवायचा नाही का? एखाद्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हिस खात्याला (माणूस नव्हे, सॉफ्टवेअरच वापरतं त्या खात्याला) प्रत्यक्ष मशीनवर बसून लॉगिन करू द्यायचं नसेल, तर तिथे डिनाय योग्य. फाइली-फोल्डरांवर मात्र मला गेल्या काही वर्षांत त्याची गरज पडलेली नाही.

पायरी सहावी: फोल्डरांची मांडणी

शेअरच्या दरवाजावर फार कारागिरी करू नका. तिथे लॉगिन केलेल्या सगळ्यांना बदल करण्याइतकी परवानगी ठेवा आणि खरं कुलूप फाइल सिस्टिमच्या दरवाजावर लावा. दोन्ही दरवाजांवर वेगवेगळे ग्रुप बसवलेत तर कुठला अडवतोय हे शोधण्यात दिवस जातो.

वारसा तोडायचा तो फक्त वरच्या एक-दोन पातळ्यांवर. त्याखाली सगळं वरूनच येऊ द्या. खोल कुठेतरी, सातव्या फोल्डरच्या आत वेगळी परवानगी लागत असेल, तर ते फोल्डर चुकीच्या जागी आहे. त्याला उचलून वर आणा आणि स्वतंत्र किल्ली द्या.

आणि कट-पेस्टचं प्रकरण. त्याच ड्राइव्हवर एका फोल्डरमधून दुसरीकडे फाइल 'हलवली' की तिच्या जुन्या परवानग्या तिच्याबरोबर जाऊ शकतात. 'कॉपी' केली तर नव्या जागेच्या लागतात. पगाराची शीट कुणी चुकून 'ऑफिस कॉमन'मध्ये तयार केली आणि नंतर ओढून एचआरमध्ये टाकली, तर ती एचआरमध्ये बसून कॉमनसारखीच उघडू शकते. अशा फाइली सापडल्या की वरच्या फोल्डरवरून परवानग्या खालपर्यंत पुन्हा लावून घ्यायच्या.

पायरी सातवी: चाचणी, उघडत नाही याचीसुद्धा

प्रत्येक भूमिकेसाठी एक चाचणीचं खातं ठेवा. बदल केला की त्या खात्याने नवं लॉगिन करून बघा. फोल्डरच्या ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीत 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' नावाचा टॅब आहे, तिथे कुणाचंही नाव टाकून त्याला शेवटी काय मिळतंय ते दिसतं. मी डिस्पॅचचा क्लार्क तिथेच पकडला. म्हणजे क्लार्कचा काही दोष नव्हता, ग्रुपचा होता. त्याला तर माहीतही नव्हतं.

बहुतेक जण जे उघडायला हवं ते उघडतंय का एवढंच तपासतात. उघडायला नको ते खरंच उघडत नाही ना, हे निम्मं काम राहून जातं. तक्त्यातल्या रिकाम्या चौकटींपैकी निदान पगार, दरपत्रकं आणि बँकेचं फोल्डर यांच्या चौकटी प्रत्येक भूमिकेवरून ठोकून बघा. स्वतःच्या ॲडमिन खात्याने चाचणी करायची नाही, हे सांगावं लागतंय कारण मी करायचो. ॲडमिनला सगळंच उघडतं.

पायरी आठवी: विभाग बदलणारा माणूस

नवीन माणूस येतो तेव्हा सगळे काळजी घेतात. सोडून जातो तेव्हा निदान आठवण तरी होते. त्याचं लॉगिनचं खातं डिलीट करण्यापेक्षा आधी बंद करा, सगळ्या ग्रुपमधून काढा, काही आठवड्यांनी डिलीट करा. खरा गुंता करतो तो आत राहून विभाग बदलणारा. टाइम ऑफिसमधून डिस्पॅचला, स्टोअरमधून परचेसला. तो ओळखीचा असतो, विश्वासातला असतो, म्हणून कुणी काढत नाही, फक्त घालत जातं. दहा वर्षं टिकलेल्या जुन्या माणसाकडे मालकापेक्षा जास्त किल्ल्या सापडतात.

एका माणसाला एकच भूमिका हा नियम इथे कामाला येतो. बदलीच्या दिवशी जुनी भूमिका आधी काढा, नवी नंतर घाला. त्याच क्रमाने. "दादा, पंधरा दिवस दोन्हीकडचं बघायचंय, चार्ज द्यायचाय" असं येतंच. त्यासाठी तात्पुरती भूमिका करा आणि संपायची तारीख तिच्या नावातच घाला, म्हणजे यादी बघताना ती डोळ्यात खुपते. तुमचं फॉरेस्ट (डोमेनच्या वरची, सगळी डोमेन ज्यात येतात ती रचना) विंडोज सर्व्हर २०१६ च्या पातळीवर असेल तर ठरावीक वेळेनंतर आपोआप निघणारं सभासदत्वही देता येतं. फक्त ती सोय एकदा चालू केली की बंद करता येत नाही, तेव्हा आधी वाचून घ्या.

टॅलीबद्दल एवढंच: तिथे युजरला रोल लावतात आणि रोलमध्ये मनाईची व परवानगीची अशा दोन याद्या असतात. मनाईची यादी वाढवत नेण्याऐवजी कमी हक्कांचा 'डेटा एंट्री' पाया घ्या आणि त्यावर लागेल तेवढीच परवानगी चढवा. आणि एका लॉगिनवर तिघांनी काम करणं थांबवा. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय बदललं याची नोंद ठेवणं १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचं आहे. तिघं एकच नाव वापरत असतील तर ती नोंद असून नसल्यासारखी. सर्व्हरच्या लॉगबाबत (घडामोडींच्या नोंदींबाबत) सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगतात, ग्रुपमध्ये कुणी कुणाला घातलं हेही त्यात येऊ द्या.

पायरी नववी: तिमाही उजळणी

दर तीन महिन्यांनी प्रत्येक किल्लीपुढे कोणती माणसं येतात त्याची यादी छापून त्या त्या फोल्डरच्या मालकाला द्यायची. मालक म्हणजे आयटीवाला नव्हे. पगाराच्या किल्लीची यादी एचआरच्या साहेबांकडे, दरपत्रकांची परचेसच्या साहेबांकडे. "बरोबर आहे का?" असं विचारलं तर न बघता सही होते. म्हणून प्रत्येक नावापुढे 'का' असा रकाना ठेवतो आणि तो हाताने भरायला लावतो. कुरकुर होते. पण ज्या नावापुढे पेन थांबतं, ते नाव काढायचं असतं.

मॅडमचं प्रकरण आता असं मिटलंय: सरावाच्या फोल्डरची किल्ली 'भू-अकाउंट्स-वरिष्ठ' या भूमिकेला लावली. ट्रेनी पोरांच्या भूमिकेला पगाराची किल्लीच नाही, त्यामुळे कुणावर डिनाय नाही. आणि फोनवरच्या निरोपावर मी काही करत नाही. माणूस, भूमिका, कधीपर्यंत, एवढ्या तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर टाकायला सांगतो.

मागच्या उजळणीत एचआरच्या साहेबांचं पेन पगाराच्या यादीतल्या एका नावापाशी थांबलं. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. मीच केलेलं चाचणीचं खातं होतं, मधे सकाळी सकाळी काहीतरी बघायला म्हणून किल्लीत थेट घातलेलं. तिथेच बंद केलं आणि 'का' च्या रकान्यात माझी सही केली.